दीडशे शब्दांत, सत्तर अक्षरांत: मराठी मजकूर मर्यादेत बसवण्याची पायरीवार रीत

माहिती अधिकाराचा अर्ज, सोसायटीचा एसएमएस, परीक्षेतलं १५० शब्दांचं उत्तर, ऑनलाइन फॉर्ममधली 'तक्रारीचा तपशील' ही चौकट, पेपरातली छोटी जाहिरात. अडचण सगळीकडे एकच: सांगायचं खूप, जागा थोडी. आणि बहुतेक जण कापतातही एकाच पद्धतीने, म्हणजे शेवटून. शेवटी नेमकी मागणी असते, ती उडते. सुरुवातीचं 'उपरोक्त विषयास अनुसरून' मात्र जागच्या जागी राहतं.

मराठीत यात आणखी एक गुंता आहे. शब्द मोजले तर आपली भाषा काटकसरी आहे, कारण विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटून येतात. अक्षरं मोजली तर तीच भाषा महाग पडते, कारण यंत्र प्रत्येक काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार वेगळा धरतं. 'विद्यार्थ्यांसाठीसुद्धा' हा एक शब्द, पण यंत्राच्या हिशेबाने २३ अक्षरं. 'ती पण गेली' हे तीन शब्द, पण मोकळ्या जागा धरून फक्त १० अक्षरं. म्हणून शब्दमर्यादेसाठी करायची काटछाट आणि अक्षरमर्यादेसाठी करायची काटछाट वेगवेगळी आहे. ही गोष्ट लक्षात ठेवून पुढच्या पायऱ्या वाचा.

हाताशी काय हवं

– मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या उपकरणांवर सारख्याच चालणाऱ्या संकेतांत, टाइप केलेला. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधला असेल तर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. जुन्या फॉन्टमध्ये अर्धी अक्षरं आणि काने वेगळ्याच संकेतांनी साठवलेले असतात, त्यामुळे तिथली मोजणी कुठेच जुळत नाही आणि फॉर्ममध्ये चिकटवल्यावर नुसती इंग्रजी अक्षरं दिसतात. बदलल्यानंतर जोडाक्षरं आणि रफार एकदा डोळ्यांखालून घाला, चुका तिथेच होतात.
– मोजायचं साधन. वर्डमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि जी ही बटणं एकत्र दाबा, गूगल डॉक्समध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि सी. दोन्हीकडे शब्द, मोकळ्या जागांसह अक्षरं आणि त्यांच्याशिवाय अक्षरं असे आकडे दिसतात. एक्सेलमध्ये इंग्रजी एल, ई, एन या तीन अक्षरांचं सूत्र आहे, ते एका चौकोनातली अक्षरं मोजतं. बरेच लहान संदेश एकदम तपासायचे असतील तर तेच सोयीचं.
– मर्यादा सांगणारी सूचना, जशी छापली आहे तशी. कुणाकडून ऐकलेली नको.
– मूळ मजकुराची वेगळी प्रत. कापायला बसण्याआधी ती दुसऱ्या नावाने जतन करा. घाईत काढलेली तारीख किंवा जावक क्रमांक अर्ध्या तासाने हमखास पुन्हा लागतो.

१. मर्यादा नेमकी कशाची, ते वाचा

शब्दांची की अक्षरांची? अक्षरांची असेल तर मोकळ्या जागा धरून की सोडून? विषय, पत्ता, सही या मर्यादेत येतात की नाही? या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाल्याशिवाय एकही शब्द खोडू नका.

मुंबईत माहिती अधिकाराच्या अर्जाबाबत सगळ्यात जास्त घोळ होतो तो इथेच, कारण एकाच शहरात दोन नियम चालतात. महापालिका, म्हाडा, बेस्ट, राज्य पोलीस यांच्याकडचा अर्ज महाराष्ट्राच्या नियमांखाली येतो. त्यात २०१२ पासून अर्ज एकाच विषयाचा असावा आणि सर्वसाधारणपणे १५० शब्दांच्या आत असावा, अशी तरतूद आहे. दोन विषय असतील तर दोन अर्ज करायचे. पश्चिम रेल्वे, मध्य रेल्वे, टपाल खातं किंवा पासपोर्ट कार्यालयाकडचा अर्ज केंद्राच्या नियमांनी जातो. तिथे मर्यादा ५०० शब्दांची आहे, आणि शब्द जास्त झाले एवढ्याच कारणावरून अर्ज नाकारता येत नाही. केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवर मात्र शब्द मोजतच नाहीत: चौकटीत ३,००० अक्षरं मावतात, त्यापुढचा मजकूर पीडीएफ म्हणून जोडायचा.

नेहमी लागणाऱ्या इतर मर्यादा अशा: एक्सवर (पूर्वीचं ट्विटर) साध्या खात्याला २८० अक्षरं (२०१७ च्या नोव्हेंबरपर्यंत १४० होती), इन्स्टाग्रामच्या ओळखीला १५० आणि पोस्टखालच्या मजकुराला २,२००, यूट्यूबच्या शीर्षकाला १००. संघ लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत सामान्य अध्ययनाचं १० गुणांचं उत्तर १५० शब्दांत आणि १५ गुणांचं २५० शब्दांत. मराठीतल्या एसएमएसला ७० अक्षरं. त्याचा हिशेब पुढे स्वतंत्र पायरीत आहे.

२. यंत्र मराठी कसं मोजतं, ते एकदा हाताने करून पाहा

आपण 'स्त्री' हे एक अक्षर म्हणतो. युनिकोडमध्ये ती सहा चिन्हं आहेत: स, हलन्त (पाय मोडल्याची खूण), त, हलन्त, र, दीर्घ वेलांटी. 'क्ष' आणि 'ज्ञ' प्रत्येकी तीन. 'मुंबई' पाच: म, उकार, अनुस्वार, ब, ई. 'विद्यार्थ्यांना' बोलताना चार अक्षरं, मोजताना १५.

जिथे मजकूर टाकायचा आहे तिथली चौकट कशी मोजते हे ओळखायला एक सोपी चाचणी आहे. तिथे फक्त 'स्त्री' हा शब्द चिकटवा आणि आकडा बघा. ६ वाढले तर चिन्हं मोजली जातात, आणि बहुतेक ठिकाणी असंच असतं. १ किंवा ३ वाढले तर चौकट जोडाक्षरं धरून मोजते, म्हणजे तुम्हाला बरीच जास्त जागा आहे. १८ वाढले तर ती बाइट मोजते, कारण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तिथल्या साठवणीत तीन बाइट (साठवणीचं एकक) घेतं. अशा ठिकाणी '३०० अक्षरं' लिहिलेलं असलं तरी मराठीची १०० च मावणार. ही चाचणी दहा सेकंदांची आहे आणि अर्ध्या तासाची फुकट मेहनत वाचवते.

आता न दिसणारी चिन्हं. 'कर्मचाऱ्यांना' मधला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. एका प्रकारात ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि त्याला हलन्त, एकूण १३ चिन्हं. दुसऱ्या प्रकारात साधा र, हलन्त आणि मागे एक अदृश्य जोडचिन्ह, एकूण १४. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. 'ॲप' चंही तसंच: ॲ एकसंध टाइप केला तर दोन चिन्हं, अ वर चंद्र वेगळा दिला तर तीन. एखाद्या शब्दाने काय फरक पडतो, असं वाटेल. पण 'रहिवाशांच्या तक्रारींवर अधिकाऱ्यांनी, कर्मचाऱ्यांनी, व्यापाऱ्यांनी' अशा धाटणीच्या मजकुरात आठ-दहा चिन्हं सहज निघतात. शिवाय शोधा-बदला करताना 'कर्मचाऱ्यांना' सापडतच नाही, तेव्हा कारण बहुधा हेच असतं.

पूर्णविरामानंतर दोनदा दाबलेली स्पेसही मोजली जाते. शोधा-बदला वापरून दोन स्पेसची एक करा. लांब मजकुरात एवढ्यानेच काम भागलेलं दिसतं कधीकधी.

३. जादा किती आहे, त्यावरून कापण्याची तऱ्हा ठरवा

दहापैकी एक भाग जादा असेल, म्हणजे १६५ चे १५० करायचे असतील, तर सहाव्या पायरीवर जा. क्रियापदं आवळली की भागतं. चौथा हिस्सा जादा असेल तर आधी वाक्यं काढावी लागतील. आणि मजकूर मर्यादेच्या दीडपट किंवा त्याहून मोठा असेल तर कापूच नका. मूळ प्रत बाजूला ठेवा, मुद्दे कागदावर काढा आणि नव्याने लिहा. ३०० शब्दांचा अर्ज खोडत खोडत १५० वर आणला की वाक्यांचे सांधे तुटतात, 'सदर', 'त्या', 'वरील' हे शब्द कशाबद्दल आहेत तेच कळेनासं होतं. नव्याने लिहायला कमी वेळ लागतो.

लक्ष्य मर्यादेपेक्षा थोडं खाली ठेवा: १५० साठी १४०. एक शब्द ऐन वेळी घालावा लागतोच.

४. मजकुराचं काम एका ओळीत लिहा

वाचणाऱ्याने काय करावं, एवढंच लिहा. 'कार्यादेशाची प्रत द्यावी.' 'बुधवारी पाणी भरून ठेवावं.' 'गळती थांबवावी.' ही ओळ वर लिहून ठेवा आणि मूळ मजकुरातल्या प्रत्येक वाक्यापुढे विचारा: हे काढलं तर वाचणाऱ्याला हे काम करता येईल का? करता येत असेल तर त्या वाक्यापुढे पेन्सिलने फुली मारा. लगेच खोडू नका, आधी सगळ्या मजकुराला फुल्या मारून होऊ द्या. पहिल्याच वाक्यापासून खोडायला घेतलं की तिसऱ्या वाक्याशी जीव अडकतो आणि माणूस शब्दांशी खेळत बसतो.

५. आधी आख्खी वाक्यं काढा

चार प्रकारची वाक्यं जवळपास नेहमीच निघतात: वाचणाऱ्याला आधीपासून माहीत असलेलं, फॉर्ममध्ये दुसरीकडे आलेलं, त्रास किती झाला याचं वर्णन, आणि आधीच्या वाक्याचीच पुनरुक्ती.

माहिती अधिकाराच्या अर्जात तर कायदाच तुमची जागा वाचवतो. कलम ६(२) प्रमाणे माहिती कशासाठी हवी याचं कारण द्यावं लागत नाही. म्हणजे 'रहिवाशांना अतोनात त्रास होत असल्याने' पासून सुरू होणारा परिच्छेद पूर्ण जातो. माहिती देण्याची मुदत कलम ७ ने ३० दिवसांची ठरवलेली आहे, त्यामुळे 'लवकरात लवकर' ने काही लवकर येत नाही. राज्याच्या नियमांतला अर्जाचा नमुना म्हणजे जोडपत्र 'अ'. त्यात विषय, कालावधी आणि माहितीचं वर्णन यांसाठी वेगळे रकाने आहेत; कालावधी वर्णनात पुन्हा लिहू नका.

एक नेहमीचा नमुना बघा:

'महोदय, आमच्या विभागामध्ये गेल्या अनेक महिन्यांपासून रस्त्याच्या दुरुस्तीचे काम अत्यंत संथ गतीने सुरू असून त्यामुळे स्थानिक रहिवाशांना मोठ्या प्रमाणावर त्रास सहन करावा लागत आहे. सदर कामाच्या संदर्भात कोणत्या कंत्राटदाराला काम देण्यात आलेले आहे, त्याच्यासाठी किती रकमेची तरतूद करण्यात आलेली आहे आणि सदर काम कधीपर्यंत पूर्ण होणे अपेक्षित आहे, याबाबतची सविस्तर माहिती मला लवकरात लवकर उपलब्ध करून देण्यात यावी, ही नम्र विनंती.'

हे ६१ शब्द झाले आणि रस्त्याचं नाव कुठेच नाही! माहिती अधिकाऱ्याला हा अर्ज 'माहिती स्पष्ट नाही' म्हणून परत करायला पूर्ण जागा आहे. आता हे:

'_____ रस्त्याच्या दुरुस्तीबाबत पुढील कागदपत्रांच्या प्रती द्याव्यात: (१) कार्यादेश (२) मंजूर अंदाजपत्रक (३) कामाच्या मुदतीची करारातील अट.'

रस्त्याचं नाव सोडून १६ शब्द, त्यातले तीन नुसते क्रमांक. रिकाम्या जागी रस्ता कुठून कुठपर्यंत तेही लिहा: अमुक चौक ते तमुक मंदिर. त्याला आठ शब्द गेले तरी चालतील. 'कोणत्या कंत्राटदाराला', 'किती रकमेची' असे प्रश्न विचारण्याऐवजी कागद मागितले की शब्दही वाचतात आणि उत्तरही ठोस येतं. कापून उरलेली जागा अशा नेमक्या तपशिलाला द्यायची असते. अर्ज लहान होऊन पुसट झाला तर तो लहान करण्यात काही अर्थ नाही.

६. मग क्रियापदं आवळा

मराठीतला सगळ्यात मोठा साठा इथे आहे. सरकारी पत्रव्यवहाराच्या सवयीने आपण एका क्रियापदाला तीन-तीन शब्द घालतो.

– 'उपलब्ध करून देण्यात यावी' (४): 'द्यावी' (१)
– 'पाहणी करण्यात आली असता' (४): 'पाहणीत' (१)
– 'वापर करण्यात येतो' (३): 'वापरतात' (१)
– 'दुरुस्त करण्यात आलेला नाही' (४): 'दुरुस्त केलेला नाही' (३)
– 'या बाबीच्या अनुषंगाने' (३): 'याबाबत' (१)
– 'असे निदर्शनास आले आहे की' (५): सरळ काढा, पुढचं वाक्य एकटं उभं राहतं

इथे एक धोका आहे. 'रस्ता खोदण्यात आला' मध्ये कुणी खोदला ते लपलेलं असतं. '१२ मे रोजी रस्ता खोदला' असं लिहिलं तरी मराठीत कर्ता गाळता येतो, म्हणून वाक्य चुकत नाही. पण तक्रारीत कर्ता माहीत असेल तर वाचलेल्या शब्दाच्या जागी तो घाला: 'महापालिकेने', 'गॅस कंपनीने'. तक्रार कुणाकडे वळवायची हे त्या एका शब्दावर ठरतं.

दुसरं मोठं हत्यार म्हणजे धातुसाधितं. जो-तो, जी-ती ची वाक्यं मराठीत एका शब्दात दुमडतात. 'जी इमारत १९६५ साली बांधली गेली ती इमारत' हे आठ शब्द; '१९६५ साली बांधलेली इमारत' हे चार. 'जे प्रवासी रोज लोकलने प्रवास करतात ते' हे सात. 'रोज लोकलने जाणारे प्रवासी' चार. 'लोकलचे रोजचे प्रवासी' तीन. 'अर्ज केला आणि त्यानंतर पावती घेतली' हे सहा. 'अर्ज करून पावती घेतली' चार. मराठीला ही सोय उपजतच आहे आणि ती वापरली की वाक्य आपल्या बोलण्याच्या जवळ येतं. मात्र एका वाक्यात दोनपेक्षा जास्त 'करून-जाऊन-देऊन' झाले की वाचणारा धापा टाकतो. तिथे पूर्णविराम द्या. पूर्णविरामाला शब्द लागत नाही.

जोडीने येणाऱ्या शब्दांतला एक ठेवा: 'अडचणी व समस्या', 'त्वरित आणि तातडीने', 'योग्य ती आवश्यक'. 'मोठ्या प्रमाणावर' च्या जागी आकडा असेल तर आकडा द्या: '४० घरांत'.

७. जोडून लिहायचं ते जोडून लिहा

शब्दयोगी अव्ययं शब्दाला जोडून लिहायची हा मराठीचा नियमच आहे. 'मुंबई मध्ये', 'त्या साठी', 'आज पर्यंत', 'माझ्या कडे' हे तोडून लिहिलं की चूकही होते आणि प्रत्येक ठिकाणी एक शब्दही जादा मोजला जातो. फोनच्या कीबोर्डवर सुचवलेले शब्द निवडत गेलं की ही तोडफोड आपोआप होते, म्हणून फोनवर लिहिलेल्या मजकुरात मुद्दाम शोधा. 'पाणी पुरवठा' नव्हे, 'पाणीपुरवठा'. 'देखील' च्या जागी बहुतेक वेळा 'ही' पुरतो: 'महापालिकेनेही'.

उलट्या बाजूला जाऊ नका. शब्दसंख्या कमी दिसावी म्हणून 'नाव/पत्ता/दूरध्वनी' अशा तिरक्या रेघा घालणं किंवा असंबद्ध शब्द जोडरेघेने बांधणं यंत्राला फसवतं, परीक्षकाला नाही. तो ते तीन शब्दच धरतो.

अक्षरमर्यादा असेल तर ही पायरी जवळजवळ सोडून द्या. तिथे जोडून लिहिल्याने फक्त मोकळी जागा वाचते. लहान शब्द निवडण्याने जास्त फायदा होतो: 'विद्यार्थ्यांना' ऐवजी 'मुलांना', 'कार्यान्वित' ऐवजी 'सुरू'. जोडाक्षरं कमी असलेला शब्द नेहमी स्वस्त.

८. नावं, तारखा, आकडे

'छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस' हे चार शब्द आणि २९ अक्षरं. 'सीएसएमटी' एक शब्द आणि आठ. मुंबईत कुणालाही कळतं, म्हणून बिनधास्त वापरा. 'बृहन्मुंबई महानगरपालिका' २३ अक्षरं, 'महापालिका' नऊ. पत्त्यात पूर्ण नाव, मजकुरात आखूड. स्वतः बनवलेलं लघुरूप मात्र तीनदा तरी येणार असेल तरच घ्या. ते एकदा समजावून सांगायला जेवढे शब्द लागतात तेवढे पुढे वाचायला हवेत.

'दिनांक ५ जून २०२५ रोजी' मधला 'दिनांक' काढा, 'रोजी' पुरेसा आहे. शब्दांची फारच टंचाई असेल तर '०५/०६/२०२५' हा एकच शब्द होतो. आकडे अंकांत लिहा.

जिथे कायदेशीर नाव लागतं तिथे आखडू नका. सोसायटीच्या नावातलं 'सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित' सूचनाफलकावर किंवा एसएमएसमध्ये गाळलं तर चालतं. नोटीस, करार, बँकेचा फॉर्म यांत नोंदणी प्रमाणपत्रावर आहे तसंच हवं. नाव बदलल्याच्या जाहिरातीतही हेच. शब्दामागे किंवा ओळीमागे पैसे लागतात म्हणून वडिलांचं नाव आद्याक्षरावर आणलं आणि आधार कार्डावर ते पूर्ण असलं, तर जाहिरात पुन्हा द्यावी लागते.

आणि हे शब्द कधीही, कसल्याही घाईत काढू नका: 'नाही', 'फक्त', 'किमान', 'पर्यंत', 'वगळून'. '१५ जूनपर्यंत' आणि '१५ जूनला' यांत अक्षरं दोन-चारच वाचतात, पण दंड बसणारा माणूस बदलतो.

९. एसएमएस: सत्तरचा हिशेब

एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. साध्या इंग्रजी अक्षराला सात बिट लागतात, म्हणून इंग्रजीत १६० अक्षरं बसतात. एसएमएसच्या पद्धतीत देवनागरीला प्रत्येक चिन्हामागे दोन बाइट (दुसऱ्या पायरीतल्या चौकटींसारखे तीन नव्हेत), म्हणून ७०. मजकूर त्यापुढे गेला की त्याचे तुकडे पडतात आणि तुकडे जोडण्याच्या माहितीलाही जागा लागते, म्हणून प्रत्येक तुकड्यात मराठीची ६७ च चिन्हं उरतात. घाऊक एसएमएस पाठवणाऱ्याकडून बिल तुकड्यांवर येतं. (पूर्ण इंग्रजी संदेशात चुकून एक देवनागरी अक्षर किंवा रुपयाचं चिन्ह पडलं तरी आख्खा संदेश ७० च्या हिशेबात जातो. तिथे 'रु.' हे इंग्रजी अक्षरांत लिहा.)

सोसायटीचा हा संदेश घ्या:

'सर्व सभासदांना कळविण्यात येते की, उद्या बुधवार दिनांक १८ जून रोजी सकाळी १० ते दुपारी ४ वाजेपर्यंत पाण्याची टाकी साफ करण्यात येणार असल्याने पाणीपुरवठा बंद राहील. कृपया सर्वांनी पाणी भरून ठेवून सहकार्य करावे.'

३३ शब्द, मोकळ्या जागांसह २०६ चिन्हं. तीन तुकड्यांत ६७ गुणिले ३ म्हणजे २०१ मावतात, त्यामुळे पाच चिन्हांपायी चौथा तुकडा पडतो. नुसता 'कृपया' आणि त्याच्या मागची मोकळी जागा काढली तरी २०० होतात आणि एक तुकडा वाचतो. पण एवढ्यावर थांबायचं कारण नाही:

'बुधवार १८ जून, सकाळी १० ते दु. ४ टाकीसफाई, पाणी बंद. पाणी भरून ठेवा.'

६८ चिन्हं, एकच तुकडा. शंभर घरांना चारशे एसएमएसच्या जागी शंभर. 'उद्या' मुद्दाम काढला आहे: संदेश रात्री उशिरा पोचला किंवा कुणी दुसऱ्या दिवशी पुढे पाठवला तर तो शब्द चुकीचा दिवस सांगतो. 'दु.' ठेवायला मात्र चार चिन्हं खर्चली आहेत, मोकळी जागा धरून. '१० ते ४' वरून एखाद्या आजींना प्रश्न पडायला नको. 'टाकीसफाई' हे कारणही ठेवलं, कारण ते नसेल तर सेक्रेटरींना दिवसभर फोन येतात.

एक्सवर देवनागरीचं प्रत्येक चिन्ह एक, इमोजी दोन आणि कोणतीही लिंक, कितीही लांब असो, २३ धरली जाते. त्यामुळे लिंक आखूड करून देणाऱ्या सेवांचा तिथे मर्यादेपुरता उपयोग नाही.

१०. हाताने लिहायचं असेल तर

परीक्षेत यंत्र नसतं. आपल्या अक्षरातल्या सलग पाच भरलेल्या ओळींमधले शब्द मोजा आणि पाचाने भागा. सरासरी आठ आली तर १५० शब्द म्हणजे १९ ओळी, २५० म्हणजे ३१. हा आकडा पाठ असला की उत्तर लिहिताना डोळा आपोआप थांबतो. सामान्य अध्ययनाच्या पहिल्या तीन पेपरांत प्रत्येकी तीन तासांत २० प्रश्न असतात, एकाला नऊ मिनिटं. लिहून मग कापायला वेळच नाही, म्हणून मुद्दे आधी मोजून घ्या: १५० शब्दांत चार मुद्दे, प्रत्येकाला तीन-साडेतीन ओळी, सुरुवातीला आणि शेवटी दोन-दोन.

सारांशलेखनात उतारा एक तृतीयांशावर आणायचा असतो. उताऱ्यातलं प्रत्येक तिसरं वाक्य उचलणं हा त्यातला नेहमीचा सापळा. उदाहरणं आणि दाखले वगळा, परिच्छेदागणिक एक विधान काढा आणि उतारा झाकून स्वतःच्या शब्दांत लिहा. झाकून लिहिलं की लांबी आपोआप आटोक्यात येते.

११. चिकटवताना आणि पाठवल्यावर

मजकूर वर्डमधून थेट फॉर्ममध्ये नेऊ नका. आधी नोटपॅडसारख्या साध्या जागी चिकटवा, तिथून उचला. वर्डची वळणदार अवतरणचिन्हं आणि लांब रेघा काही सरकारी फॉर्म स्वीकारत नाहीत, आणि चूक कुठे आहे तेही सांगत नाहीत. ओळ मोडण्याला काही चौकटी एक चिन्ह धरतात, काही दोन. आकडा जुळत नसेल तर रिकाम्या ओळी काढून बघा.

सगळ्यात वाईट सापळा हा: बऱ्याच चौकटी मर्यादेपुढचा मजकूर न सांगता टाकून देतात. चिकटवल्यावर सगळं नीट गेलं असं वाटतं, पण खाली सरकून पाहिलं तर शेवटची ओळ अर्ध्यात तुटलेली असते. म्हणून चिकटवल्यावर आधी शेवटचा शब्द बघा. मग मजकूर मोठ्याने वाचा, शक्यतो विषय माहीत नसलेल्या माणसाला ऐकवा आणि त्याला एकच विचारा: 'यात मी काय मागितलंय?' त्याने चौथ्या पायरीत लिहिलेली ओळच सांगितली तर पाठवा. नाही सांगितली तर मूळ प्रत उघडा. बहुतेक वेळा एखादं नाव किंवा तारीख जास्त कापली गेलेली असते.

पाठवून झाल्यावर पोचपावतीचं पान उघडून तिथे दिसणारा मजकूर पुन्हा शेवटपर्यंत वाचा आणि तेच पान पीडीएफ म्हणून जतन करा. अपील करायची वेळ आली तर तुमच्या संगणकावरचा मसुदा नव्हे, तिथे नोंदला गेलेला मजकूर धरला जातो.